सायीखालचे दूध : ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभासदांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी आणि सर्व सभासद यांस,

सादर नमस्कार.

येत्या १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आहे. त्या निमित्ताने आपल्या बहुतेक संघांमध्ये कार्यक्रम होतील. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ दिले जाईल, एखादे डॉक्टर गुडघेदुखीवर बोलतील, एखादे वकील मृत्युपत्र कसे करावे किंवा आई-वडिलांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्यात काय तरतुदी आहेत ते समजावून सांगतील, आणि चहापानाच्या वेळी गप्पांची गाडी नेहमीप्रमाणे नातवंडांवर येईल. या कार्यक्रमात एका विषयाची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तो विषय म्हणजे आपली मुले; त्या नातवंडांचे आई-बाप झालेली, पन्नाशीकडे निघालेली आपली मुले.

मी त्यांच्यापैकीच एक आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत वाहक होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. अण्णांचा जन्मही त्याच वर्षीचा, आणि आपण व एसटी एका वयाचे आहोत, हे ते आजही अभिमानाने सांगतात. आई घर सांभाळून शिलाईकाम करीत असे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले, पण आम्ही दोघी बहिणी साताऱ्यात वाढलो. आता मी पुण्यात नोकरी करते, मला सहावीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी आहे, आणि ही दोघे ज्या आजी-आबांना ओळखतात तेच माझे आई-वडील आहेत, यावर माझा अजूनही चटकन विश्वास बसत नाही.

१९९० साली मी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसले होते. गणिताचा पेपर अवघड गेला होता आणि निकाल लागला तेव्हा यादीत माझे नाव नव्हते. अण्णांनी मला मारले नाही; हात उगारण्याची त्यांना सवयच नव्हती. ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. सकाळी ड्यूटीवर निघताना ते खाकी शर्टाची बटणे लावीत दाराशी उभे राहत, मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे होई, ते तांब्या घेत, उभ्यानेच पाणी पीत, आणि माझ्याकडे न पाहता तो आईच्या हातात परत देत. नवव्या दिवशी संध्याकाळी ते "वही आण" एवढे दोन शब्द बोलले आणि अबोला संपला. त्या आठवड्याबद्दल आमच्या घरात पुन्हा कधीही, कोणीही, एक अवाक्षर काढलेले नाही.

पुढे, २०१७ पासून, ती परीक्षा चौथी आणि सातवीऐवजी पाचवी आणि आठवीला घेतली जाऊ लागली. माझा मुलगा यंदा तिला बसला होता आणि उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा त्याचेही नाव यादीत नव्हते. अण्णा त्या दिवशी आमच्याकडेच होते. कोणत्या भागात किती गुण गेले हे मी मुलाला मोजून दाखवू लागले, तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले, चपला पायांत सरकवल्या आणि त्याला घेऊन ते कोपऱ्यावरच्या रसवंतीत गेले. अर्ध्या तासाने दोघे परत आले. मुलाच्या शर्टावर रसाचा ओघळ होता आणि तो खुदखुदत होता. "परीक्षेचे काय एवढे, पुढच्या खेपेला होईल," असे अण्णा मला म्हणाले आणि पंख्याखाली वर्तमानपत्र घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. मला राग आलेला नव्हता. मला तो तांब्या आठवला होता. दहा वर्षांच्या त्या मुलीला कोणी रसवंतीत का नेले नाही, हा प्रश्न पस्तीस वर्षांनी प्रथमच माझ्या मनात सरळ शब्दांत उभा राहिला.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. माझ्या वयाच्या कोणालाही विचारावे. ज्यांच्या घरी लाकडी शटरचा टीव्ही होता आणि परीक्षा जवळ आली की त्या शटरला कुलूप लागत असे, त्याच घरातले आजोबा आज नातीने चार घास जास्त खावेत म्हणून तिच्यासमोर मोबाइल धरतात. ज्यांनी पानात टाकलेली शेपूची भाजी संध्याकाळी पुन्हा तेच पान समोर ठेवून आम्हाला संपवायला लावली, त्या आज सकाळी नातवाला उठवतानाच "आज काय करू तुझ्यासाठी?" असे विचारतात आणि त्याला भाजी नको असली तर गरम पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून देतात. वर्तमानपत्राची घडी आपल्याआधी कोणी मोडलेली ज्यांना चालत नसे, त्यांच्या घरात त्याच वर्तमानपत्राच्या होड्या बादलीत तरंगत असतात. आम्ही, म्हणजे मधली पिढी, हे दाराच्या चौकटीत उभे राहून पाहतो आणि एकमेकांना सांगतो की हे आमचे आई-वडील नव्हेतच.

आपल्या भाषेने या बदलाला पूर्वीच नावे देऊन ठेवली आहेत. नातवंड म्हणजे दुधावरची साय. मुद्दलापेक्षा व्याज गोड. ही वाक्ये बारशाला, मुंजीला, बोरन्हाणाच्या वेळी हमखास ऐकू येतात, आणि ज्यांना दूध किंवा मुद्दल म्हटले जाते ते आम्ही तिथेच ताटे वाढीत किंवा पाहुण्यांच्या चपला सरळ करीत वावरत असतो. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. आमच्या मुलांवर कोणी माया करीत असताना आई-बापाला वाईट वाटेलच कसे? पण साय धरण्याआधी दूध तापवावे लागते, एवढे मात्र प्रत्येक वेळी मनात येऊन जाते.

आपण असे का बदललात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वय झाले की माणूस मऊ होतो, हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वयाने कडवट झालेली माणसेही आपण सगळे ओळखतो, आणि त्यांतली काहीजणे नातवंडांपुरती तेवढी विरघळतात.

एक कारण मला आमच्याच घरातल्या जुन्या रीतीत सापडले. एकत्र कुटुंबात तरुण बापाने वडीलधाऱ्या माणसांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणे, त्याचा मुका घेणे, त्याच्याशी बोबडे बोलणे अशोभनीय मानले जात असे. मूल रडले तर ते आजीने किंवा काकूने घ्यायचे. बापाने ऐकू आलेच नाही असे दाखवायचे. आईलाही सासूसमोर मुलाचे फार कौतुक करण्याची मुभा नसे. माझी मोठी बहीण तान्ही असताना अण्णा तिला गच्चीवर कोणी नसताना घेत आणि जिन्यावर पाऊल वाजले की खाली ठेवीत, हे आईने मला सांगितले आहे. अशी माणसे साठीला पोहोचतात, घरात त्यांच्यापेक्षा मोठे कोणी उरलेले नसते, आणि आयुष्यात प्रथमच एक बाळ त्यांना सर्वांच्या देखत मांडीवर घेता येते. त्या वेळी जे बाहेर येते ते नव्याने उगवलेले नसते. ते तीस-पस्तीस वर्षे आत साठलेले असते.

दुसरे कारण भीती हे आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी अनेकांनी १९७२ चा दुष्काळ ऐन तारुण्यात किंवा बालपणी पाहिला आहे. माणमध्ये तो कसा होता, हे वेगळे सांगायला नको. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, कामावरच्या मुलांना सुकडी वाटली जाताना पाहिली. पुढे एसटीची नोकरी लागली तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती दुष्काळ आणि त्यांचे घर यांच्यामध्ये उभी असलेली भिंत होती. पानात टाकू नये, हा आमच्या घरातला नियम त्या भाकरीतून आलेला होता. शिष्यवृत्तीचे नाव यादीत यावे, हा हट्ट त्या खडीतून आलेला होता. मुलगी शिकली नाही तर तिला पुन्हा त्या उन्हात जावे लागेल, या एका भीतीने त्यांनी आम्हाला वाढवले. त्या भीतीला त्यांनी कधीच भीती म्हटले नाही. तिला ते शिस्त म्हणत. आज नातवाकडे पाहताना ती भीती त्यांच्या डोळ्यांत नसते, कारण नातवाला खडी फोडावी लागणार नाही, याची खात्री त्यांना आम्ही दोघी बहिणींनी शिकून, नोकऱ्या करून दिली आहे. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि थोडे दुखतेही.

जबाबदारीचा भागही आहेच. मुलाचे काय होणार, याचे उत्तर आई-बापाला द्यावे लागते; आजी-आजोबांकडे ते कोणी मागत नाही. निवृत्तीनंतर वेळही हाती असतो. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही, कारण आपण हे सगळे मान्यच करता.

मात्र एका अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ जेम्स रिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० आज्यांच्या मेंदूंची एमआरआय यंत्रावर पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या आज्यांना तीन ते बारा वर्षे वयाची नातवंडे होती. यंत्रात झोपलेल्या आजीला नातवंडाचे छायाचित्र दाखवले की मेंदूतील जे भाग दुसऱ्याचे सुख-दुःख आपल्याच अंगात उमटल्यासारखे अनुभवतात ते अधिक जागे झाले. आणि त्याच आजीला तिच्या स्वतःच्या प्रौढ मुलाचे किंवा मुलीचे छायाचित्र दाखवले तेव्हा, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे विचाराने समजून घेणारे भाग अधिक जागे झाले. नातू हसला की आजी आतून हसते. मुलगी हसली की ती का हसली असावी याचा आजी विचार करते. पन्नास परदेशी स्त्रियांवरून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. तरीही ते वाचले त्या रात्री मी आईला फोन केला आणि उगाचच दहा मिनिटे बोलत राहिले. आईने तीनदा विचारले, "तुला काही झाले आहे का? खरे सांग." ती विचारच करीत होती.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तिच्याकडे वळते.

पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला, आणि २०२३ मध्ये अण्णा त्या सवलतीत आले. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा तरी सातारा-स्वारगेट गाडीने आमच्याकडे येतात. आयुष्यभर इतरांना तिकिटे फाडून देणाऱ्या माणसाला वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. अण्णा ते तिकीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि घरी आल्यावर माझ्या मुलाला देतात. त्याने अशा तिकिटांचा एक गठ्ठा रबर लावून ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेला होता, तेव्हा स्वारगेटच्या थांब्यावर अण्णा खिशातली सुटी नाणी पुन्हा पुन्हा मोजत होते. "आबा, तुम्ही सारखे पैसे का मोजता?" असे त्याने विचारले. आणि खंबाटकी घाट चढेपर्यंत अण्णांनी त्याला ते सांगितले.

मुक्कामी गाडीवर असताना वाहकाला दिवसभराची रोकड कातडी पिशवीत घालून, ती उशाशी घेऊन गावातच झोपावे लागे. एका रात्री, कंदिलाच्या उजेडात वेबिलाशी, म्हणजे तिकीटविक्रीच्या नोंदीच्या कागदाशी, ताळा घालताना अण्णांना चाळीस रुपये कमी भरले. त्यांनी तिकिटांचा ट्रे रिकामा केला, पुन्हा लावला, सगळे नंबर तपासले, पहाटेपर्यंत सहा वेळा नाणी मोजली. चाळीस रुपये मिळाले नाहीत. तूट आपल्यालाच भरून द्यावी लागणार आणि महिन्याचा किराणा अजून भरायचा आहे, हे त्यांना ठाऊक होते. सकाळी त्यांनी चालकाकडून पैसे उसने घेतले, डेपोत रोकड भरली आणि दुसरी ड्यूटी असल्यामुळे घरी न जाता ते पुन्हा गाडीवर चढले. त्यानंतर झोपेतही आपण नाणी मोजत असू, असे त्यांनी माझ्या मुलाला सांगितले. हे सगळे मला माझ्या मुलाने सांगितले. ज्या घरात मी वीस वर्षे राहिले, त्या घरातली ही गोष्ट मला अकरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून कळली, आणि सांगून झाल्यावर त्याने मला विचारले, "आई, तुला माहीत होते ना?"

मला माहीत नव्हते. आम्हाला फक्त एवढेच माहीत होते की मुक्कामी गाडीवरून परतलेल्या अण्णांशी बोलायचे नसते, त्यांच्यासमोर हसायचे नसते आणि वह्या पसरून ठेवायच्या नसतात. ते रागीट आहेत, असे आम्ही समजत होतो. ते घाबरलेले आणि दमलेले आहेत, हे आम्हाला कोणी सांगितले असते तर आमचे बालपण वेगळे झाले असते. सोपे झाले असते असे मी म्हणत नाही, पण वेगळे नक्की झाले असते.

नातवंडांना आपण हे सांगता. कोणत्याही घरात पाहावे, आजी नातीला आपल्या लहानपणी विहिरीत पडल्याची गोष्ट सांगते, आजोबा नातवाला आपण शाळेत नापास झाल्याचे सांगतात. आम्हाला आपण कधी नापास झाल्याचे सांगितले नाही. आमच्यासमोर आपण कायम उत्तीर्णच होतात. नातवंडांसमोर माणूस व्हायला आपल्याला भीती वाटत नाही, आणि मला वाटते, आपल्या मायेचा खरा उगम तिथेच आहे. खाऊ, पैसे, रसवंती हे त्याचे वरवरचे रूप आहे.

आणि ही माया एक पिढी ओलांडूनच का पोहोचते, हाही प्रश्न मला पडतो. माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, उन्हाळ्याच्या सुट्टीत धोतराच्या सोग्यात भाजलेल्या शेंगा बांधून आणीत आणि इतर कोणाला न दाखवता माझ्या ओंजळीत ओतीत. त्यांच्या इतका प्रेमळ माणूस मी पाहिला नव्हता. त्याच आजोबांना पाहून अण्णा मात्र खुर्चीवरून उठून उभे राहत, आणि "त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही," असे अण्णा एकदा सहज बोलून गेले आहेत. म्हणजे अण्णांनाही सायीखालच्या दुधाचे दिवस माहीत होते. आता माझी पाळी आहे. निकालाच्या दिवशी मुलासमोर गुणांची बेरीज-वजाबाकी मांडून बसलेली मी होते. त्याच्यावर मी आवाज चढवते तेव्हा अण्णा "त्याला काही बोलू नकोस" असे म्हणून मध्ये पडतात, आणि माझ्या मनात येते की हे वाक्य माझ्यासाठी म्हणणारे कोणी या घरात हवे होते. मग लक्षात येते की ते होते; शेंगा घेऊन येणारे आजोबा होते. आणि त्या वेळी अण्णांना कसे वाटले असेल, हे आज मला कळते.

लाडांमुळे आमची पंचाईत होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे, आणि त्याला अपवाद कोणता दिला आहे, तर नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आपल्यापैकी अनेकांना हा अपवाद फार मोलाचा वाटेल. सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणासाठी जाऊन आलेल्या आजीसाठी पुढची दोन-तीन वर्षे तोच एक पडदा असतो. त्यावर आमचा काहीच आक्षेप नाही. पण जेवताना मोबाइल, झोपताना चॉकलेट आणि "आईला सांगू नकोस" हे तीन प्रकार कृपया थांबवावेत. त्यांतले तिसरे सर्वांत आधी थांबवावे, कारण घरात गोष्टी लपवण्याची सवय आपल्याला पुरेशी आहे.

त्या सवयीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो आता उलट दिशेने चालू आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. पण रजा संपते, लहान कचेऱ्यांत पाळणाघर नसते, आणि मग आम्ही आपल्याला फोन करतो. आपण पिशवी भरून येता. माझी मुलगी लहान असताना आई आमच्याकडे दीड वर्ष राहिली. ती बाळगुटी उगाळायची, अंगाला तेल लावायची, दुपारी मुलीला कडेवर घेऊन तीन मजले उतरून खाली मांजरे दाखवायला न्यायची. तिचा गुडघा त्या वर्षी पार निकामी होत आला होता, हे मला ती साताऱ्याला परतल्यावर शेजारच्या काकूंकडून कळले. मी तिला जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "तुला कुठे आणखी व्याप." अण्णांनी तेव्हा भीती सांगितली नाही, आईने आता थकवा सांगितला नाही. तेव्हा गप्प राहण्याचे नाव शिस्त होते, आता त्याचे नाव माया आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही आपल्याच माणसांविषयी चुकीची समजूत करून घेत राहिलो. यात आमचा दोष मोठा आहे. आम्ही विचारले नाही. आजीला नातवाची हौसच असते, हे वाक्य आमच्या सोयीचे होते म्हणून आम्ही ते खरे मानले.

म्हणून माझी विनंती अशी आहे. १ ऑक्टोबरच्या आपल्या कार्यक्रमात, किंवा त्यानंतरच्या कोणत्याही मासिक सभेत, एक तास या विषयासाठी ठेवावा. व्याख्याता बोलावू नये. ज्यांना इच्छा असेल त्या सभासदांनी आपली मुले लहान असतानाचा एक दिवस सांगावा. ज्या दिवशी आपण मुलावर रागावलात, अबोला धरलात, त्याला जवळ घ्यावेसे वाटूनही घेतले नाही, असा एखादा दिवस. आणि त्या दिवशी आपल्या मनात व घरात खरोखर काय चालले होते, तेही सांगावे. क्षमा मागण्यासाठी हे सांगावे असे मला मुळीच सुचवायचे नाही. आपल्याकडून क्षमा मागून घेण्याची आमच्यापैकी कोणाचीही इच्छा नाही, आणि तशी वेळ आली तर आम्हालाच कुठे तोंड लपवावे ते कळणार नाही. आम्हाला फक्त माहिती हवी आहे. ज्या गोष्टी आपण नातवंडांना एसटीच्या खिडकीशी बसून सांगता, त्या थेट आमच्यापर्यंत याव्यात. सभेत बोलणे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी तो दिवस चार ओळींत कागदावर लिहावा आणि तो कागद मुलाला किंवा मुलीला द्यावा. नातवंडाच्या हातून पाठवू नये.

आपल्याकडे पणतवंड झाले की पणजोबांवर सोन्याची फुले उधळण्याची रीत आहे. आई-बाप आणि त्यांची प्रौढ मुले यांनी समोरासमोर बसून जुने काही बोलावे, अशी रीत मात्र माझ्या पाहण्यात नाही. ती कोणीतरी कुठेतरी सुरू करावी लागेल, आणि वयाने व अनुभवाने तो मान आपल्या संघांचा आहे, असे मला मनापासून वाटते. आम्ही मुले स्वतःहून विचारू शकत नाही. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, कचेरीत वीस माणसांचे काम पाहते, आणि १९९० च्या त्या आठ दिवसांत डेपोत काही घडले होते का, पुन्हा कधी पैसे कमी भरले होते का, हा प्रश्न अण्णांना विचारायला माझी जीभ अजून वळलेली नाही.

अण्णा साताऱ्यातील अशाच एका संघाचे सभासद आहेत आणि मासिक सभा ते चुकवत नाहीत. हे पत्र तिथे वाचले गेले, तर ते मागच्या रांगेत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेले असतील. त्यांना कृपया एवढे सांगावे की या रविवारी मी सकाळच्या गाडीने साताऱ्याला येत आहे, आणि मुलांना या खेपेला पुण्यातच ठेवून एकटी येत आहे.

आपली नम्र,
एका निवृत्त एसटी वाहकाची मुलगी
पुणे